वल्हें दुसऱ्याच्या हातीं देतांना

विद्या अंगीं असणें ही एक गोष्ट आणि ती दुसऱ्याच्या अंगीं उतरवितां येणें ही अगदीं निराळी गोष्ट. हा भेद आमच्या पूर्वजांना पुरता ठाऊक होता. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकाच्या पहिल्या अंकांत गणदास व हरदत्त या दोन नाट्याचार्यांपैकीं श्रेष्ठ कोण, असा वाद राजापुढें येतो. निवाड्यास बसलेली परिव्राजिका त्या वेळीं स्वतः कला जाणणारा व ती दुसऱ्यास देणारा यांतील भेद दाखविते, आणि ज्याच्या ठायीं हे दोन्ही गुण एकत्र नांदतात त्यासच शिक्षकांत अग्रपूजेचा मान देते. म्हणून ती आचार्यांना स्वतः नाचून दाखवा असें सांगत नाहीं. त्यांच्या शिष्यांना रंगभूमीवर आणावयास सांगते. परीक्षा गुरूंची, पण उतरावयाचें शिष्यांनीं!

या कसोटीस उतरलेला एक पुरुष आम्ही या खेपेस वाचकांच्या भेटीस आणीत आहों. तो संस्कृत नाटकांच्या जगापासून फार दूर, युरोपच्या उत्तरेस स्वीडन देशांत जन्मला. पोटासाठीं त्यानें आग विझविणाऱ्या दळांत नोकरी केली आणि नांव मिळविलें तें पाण्यावर. गर्ट फ्रेड्रिक्सन हें त्याचें नांव. ऑलिंपिक सामन्यांत त्यानें सहा सुवर्ण, एक रौप्य व एक कांस्य अशीं आठ पदकें मिळविलीं. स्वीडनच्या दुसऱ्या कोणाहि खेळाडूच्या पदरीं ऑलिंपिकचीं इतकीं सुवर्णपदकें नाहींत. आणि त्याच्या खेळांतील साऱ्या जगाच्या पुरुषांमध्येंहि सुवर्णाच्या हिशेबानें त्याची बरोबरी अद्याप कोणी केलेली नाहीं. परंतु केवळ पदकांची यादी वाचून दाखविण्यासाठीं आम्ही लेखणी हातीं घेतलेली नाहीं. या गृहस्थानें वल्हें खालीं कसें ठेवलें, यांतच आमच्या दृष्टीनें त्याच्या चरित्राचें सार आहे.

प्रथम ही होडी कशी असते तें सांगितलें पाहिजे. आपल्या कोंकणपट्टींतील होडीशीं तिचें साम्य थोडें. ग्रीनलंडमधील इनुइट लोक, ज्यांना पूर्वीं एस्किमो म्हणत, ते सील नांवाच्या जलचराच्या कातड्यानें मढविलेली एक अरुंद होडी शिकारीसाठीं वापरीत. तीच कयाक. तींत बसणारा पाय पुढें पसरतो, ज्या दिशेस जावयाचें तिकडे तोंड करतो, आणि दोन्ही टोंकांस पातीं असलेलें एकच वल्हें आळीपाळीनें डावीउजवीकडे पाण्यांत घालतो. कॅनू ही तिची चुलत बहीण. ती मूळची उत्तर अमेरिकेंतील आदिवासींची, भूर्जवृक्षाच्या सालीची. तिच्या शर्यतींत गुडघा टेकून एका पात्याचें वल्हें एकाच बाजूस मारावें लागतें. भूर्ज म्हटला कीं आम्हां पोथीवाल्यांना जुनीं भूर्जपत्रें आठवतात. एकाच कुळांतील झाडांच्या सालीवर आपल्याकडे विद्या तरली आणि तिकडे माणसें तरलीं, हा योगायोग मौजेचा खरा.

१८६५ सालीं जॉन मॅक्ग्रेगर या स्कॉटिश वकिलानें 'रॉब रॉय' नांवाची कयाकच्या घडणीची होडी बांधवून घेतली व तींतून युरोपच्या नद्यांचा प्रवास केला. तेथून शिकाऱ्याच्या साधनाचें हौशी लोकांच्या क्रीडेंत रूपांतर होत गेलें. १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिक सामन्यांत या शर्यतींना प्रथमच पदकांचा मान मिळाला. शर्यतीची एकट्याची कयाक लांबीला फार तर ५ मीटर २० सेंटिमीटर, म्हणजे सुमारें सतरा फूट असते. फ्रेड्रिक्सनच्या काळीं तिची रुंदी हातभराहून थोडीच अधिक असे. वजन मात्र बारा किलोपर्यंत खालीं आणतां येतें. दोन वर्षांच्या बाळाहून ती फारशी जड नव्हे. सुकाणू पायांनीं फिरवावयाचें. पाहणाऱ्यास वाटतें कीं सारा जोर दंडांचा. वस्तुतः तो पायांतून निघतो, कमरेच्या पिळांतून वर चढतो, आणि हात केवळ तो पाण्यापर्यंत पोंचवितात. अंगीं तोल नसेल तर जोराचा कांहीं एक उपयोग नाहीं, कारण होडी पुढें जाण्याऐवजीं उलटते.

गर्टचा जन्म २१ नोव्हेंबर १९१९ रोजीं न्यूशपिंग या गांवीं झाला. स्टॉकहोमच्या नैर्ऋत्येस सुमारें शंभर किलोमीटरांवर, बाल्टिक समुद्राच्या कांठीं हें गांव आहे. गांवांतून नदी वाहते व समोर समुद्रांत लहान लहान बेटें पसरलेलीं आहेत. अशा ठिकाणच्या मुलास वल्ह्याचा नाद लागावा यांत नवल नाहीं. नवल पुढेंच आहे. खेळाडूच्या आयुष्यांत विसाव्यापासून पंचविसाव्यापर्यंतचीं वर्षें सोन्याच्या मोलाचीं. नेमक्या याच वर्षांत दुसरें महायुद्ध पेटलें. १९४० व १९४४ या दोन्ही सालचे ऑलिंपिक सामने रद्द झाले. स्वीडन तटस्थ राहिल्यामुळें तेथें बाँबचा वर्षाव झाला नाहीं, तरी जगांतील शर्यतींचीं दारें मात्र बंद झालीं. देशांतल्या देशांत तो जिंकत होता. परंतु आपण जगाच्या तुलनेंत कोण, हें कळण्यास त्याला अठ्ठाविसावें वर्ष उजाडावें लागलें. पुष्कळ माणसें अशा प्रसंगीं 'आमचा काळच वाईट' असें म्हणून हात गुंडाळून बसतात. हा रोज बंबखान्याचें काम करी व रोज पाण्यावर जाई. तो काळ हौशी खेळाडूंचा होता. वल्ह्यावर पोट भरण्याची सोय नव्हती आणि नियमहि तसे नव्हते.

१९४८ च्या ऑगस्टांत लंडनचे ऑलिंपिक सामने झाले. नौकांच्या शर्यती टेम्स नदीवर हेन्ली येथें होत्या. पहिल्या दिवशीं दहा हजार मीटरांची शर्यत. हिची एक खुबी वाचकांनीं ध्यानांत घ्यावी. लांबच्या शर्यतींत सर्व होड्या एकत्र सुटतात. पुढच्या होडीमुळें पाण्यावर जी लाट उठते तिच्यावर आपल्या होडीचें नाक अचूक टेकविलें तर मागच्याचे श्रम पुष्कळ वांचतात. म्हणून पुढें राहणारा दमतो आणि मागें राहणारा शहाणा ठरतो. मात्र योग्य क्षणीं लाट सोडून बाहेर पडण्याची छाती पाहिजे. नाहीं तर तो शहाणपणा अखेरपर्यंत दुसऱ्याच्या मागेंच राहतो. फ्रेड्रिक्सनची ख्याति झाली ती या निवडीबद्दल व शेवटच्या धांवेबद्दल. हेन्लीस तो दुसऱ्या आलेल्या फिन्लंडच्या कुर्ट वायरसहून साडेतीस सेकंद आधीं पोंचला. दुसऱ्या दिवशीं एक हजार मीटरांची शर्यत. हींत प्रत्येकास आपली वाट आंखून दिलेली असते, लाटेची उसनवारी नाहीं. ती त्यानें ६.७ सेकंदांच्या अंतरानें जिंकली. ज्या शर्यतींत एका सेकंदाच्या अंशावर निकाल लागतात तेथें हें अंतर म्हणजे पाहणाऱ्यांनीं बोटें तोंडांत घालावीं असें होतें. पुढच्याच वर्षीं 'स्वेन्स्का डागब्लाडेट' या वृत्तपत्राचें मानाचें सुवर्णपदक त्यास मिळालें.

१९५२ सालीं हेलसिंकी येथें त्याची खरी परीक्षा झाली. आतां तो बत्तीस वर्षांचा होता आणि समोर फिन्लंडचा एकवीस वर्षांचा थोरवाल्ड स्ट्रॉमबर्ग, आपल्याच देशाच्या पाण्यावर. दहा हजार मीटरांत स्ट्रॉमबर्गनें त्यास अकरा सेकंदांहून अधिक अंतरानें मागें टाकलें. चार वर्षांपूर्वींचा विजेता एका पोरसवदा प्रतिस्पर्ध्याकडून हरला. ती रात्र त्यानें कशी काढिली असेल, याची कल्पना ज्याची त्यानें करावी. दुसऱ्या दिवशीं एक हजार मीटरांत तेच दोघे पुन्हां समोरासमोर आले, आणि या वेळीं फ्रेड्रिक्सननें दोन सेकंदांहून थोड्या कमी अंतरानें सुवर्णपदक राखलें.

या हेलसिंकीशीं आपल्या महाराष्ट्राचेंहि एक नातें आहे. त्याच जुलै महिन्यांत, त्याच सामन्यांत, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गांवच्या खाशाबा जाधवांनीं कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. लंडनलाहि १९४८ सालीं खाशाबा होते आणि सहावे आले होते. म्हणजे हे दोघे दोनदां एकाच उत्सवांत, एक मॅटवर व एक पाण्यावर, उतरले होते. खाशाबा पुढें १९५५ सालीं पोलिसखात्यांत उपनिरीक्षक झाले. १९८४ सालीं अपघातांत त्यांचा अंत झाला, आणि सरकारचा अर्जुन पुरस्कार त्यांच्या नांवें आला तो मृत्यूनंतर दीड दशकानें. त्यांच्यामागून आपल्या देशास दुसरें वैयक्तिक पदक मिळण्यास १९९६ साल उजाडावें लागलें. चव्वेचाळीस वर्षें! मातींत बळ नव्हतें असें कोण म्हणेल? एका विजेत्यामागून दुसरा उभा करणें हें एकट्या माणसाचें काम नव्हे. त्याची विद्या झेलण्यासाठीं शेजारीं कोणी हात पुढें करून उभें असावें लागतें. ही गोष्ट मनांत ठेवून वाचकांनीं पुढील भाग वाचावा.

१९५६ सालीं ऑस्ट्रेलियांत मेलबर्नचे सामने झाले. नौकांच्या शर्यती बॅलारट येथील वेंडूरी सरोवरावर होत्या. फ्रेड्रिक्सनला सदतिसावें वर्ष नुकतेंच पुरें झालें होतें. दोन्ही शर्यती त्यानें पुन्हां जिंकल्या. हेलसिंकीस गमावलेली दहा हजार मीटरांची शर्यतहि परत मिळविली. त्यानंतर ती लांबची शर्यत ऑलिंपिकमधून काढूनच टाकण्यांत आली. ज्या शर्यतींत धीराला व डावपेंचांना सर्वांत अधिक वाव होता तीच गेली आणि राहिली ती मुख्यतः दमाची व वेगाची. पांच सुवर्णपदकें घरीं असतां, वय उतरणीस लागलें असतां, येथेंच थांबला असता तर त्यास कोणी नांवें ठेविलीं नसतीं.

परंतु तो थांबला नाहीं. त्यानें निराळें कांहीं केलें, आणि आमच्या मतें त्याच्या चरित्रांतील हा सर्वांत मनन करण्याजोगा भाग आहे. १९६० सालीं रोमच्या सामन्यांत, अल्बानो सरोवरावर, चाळीस वर्षांचा फ्रेड्रिक्सन प्रथम एकट्याच्या शर्यतींत उतरला. डेन्मार्कचा एरिक हान्सन पहिला आला, हंगेरीचा इम्रे सोलोशी दुसरा, आणि हा तिसरा. बारा वर्षांत प्रथमच या शर्यतीचें सुवर्ण दुसऱ्याच्या गळ्यांत पडलें. पण त्याच सामन्यांत तो दोघांच्या होडींतहि बसला. जोडीदार होता स्वेन-ओलोव्ह शोडेलियस, वयानें तेरा वर्षांनीं लहान. दोघांच्या कयाकमध्यें एकामागें एक बसावयाचें असतें. दोघांचीं वल्हीं एकाच क्षणीं पाण्यांत पडलीं व एकाच क्षणीं बाहेर आलीं, तरच होडी सरळ चालते. एकाचा जोर कितीहि अधिक असो, तो दुसऱ्याच्या ठोक्याशीं जुळला नाहीं तर त्याचा उपयोग होण्याऐवजीं अडथळाच होतो. जो मनुष्य वीस वर्षें एकटा वल्हवीत आला, स्वतःच्या अंतःकरणाशिवाय दुसऱ्या कोणाचा ठेका ज्यानें मानला नाहीं, त्यानें चाळिसाव्या वर्षीं दुसऱ्याच्या ठेक्याशीं स्वतःस बांधून घेतलें. हंगेरीच्या जोडीहून एका सेकंदाच्याहि आंतील अंतरानें ते जिंकले. फ्रेड्रिक्सनचें हें सहावें सुवर्णपदक, आणि एवढेंच एक त्यानें वांटून घेतलेलें.

यानंतर त्यानें शर्यतीचें वल्हें ठेविलें आणि स्वीडनच्या संघाचा तो शिक्षक झाला. आपल्या तालमींतील भाषेंत सांगावयाचें तर पैलवानाचा वस्ताद झाला. १९६४ सालीं टोकियोच्या सामन्यांत सागामी सरोवरावर त्याचे शिष्य उतरले. एकट्याच्या एक हजार मीटरांत, म्हणजे जी शर्यत गुरूनें तीनदां जिंकून चौथ्यानें गमाविली होती त्याच शर्यतींत, वीस वर्षांचा रोल्फ पेटरसन पहिला आला. दुसऱ्या आलेल्या हंगेरियन मिहाय हेसशीं त्याचें अंतर सेकंदाच्या लहानशा अंशाचें होतें. दोघांच्या होडींतहि सुवर्णपदक स्वीडनचेंच. त्या होडींत शोडेलियस होता, आणि गुरूच्या रिकाम्या झालेल्या जागेवर गुन्नार उटरबर्ग नांवाचा नवा जोडीदार बसलेला होता. आपण उठल्यानंतर आपली जागा भरून निघाली आणि होडी पूर्वींच्याच वेगानें पुढें गेली, हें कांठावरून पाहण्याचें भाग्य या माणसास लाभलें.

हें भाग्यच काय? कित्येकांना तें दुर्भाग्य वाटतें! आपल्यावांचून कांहीं अडत नाहीं हें ध्यानांत येतांच पुष्कळ मोठ्या माणसांचा चेहरा उतरतो. शिक्षकाच्या धंद्यांत आयुष्य घालविलेल्यांना हें निराळें सांगावयास नको. वर्गांतील अत्यंत हुशार विद्यार्थी पुढें शिक्षक झाला कीं अनेकदां चिडखोर निपजतो. त्याला जें सहज आलें तें दुसऱ्यास कां येत नाहीं, हेंच त्यास उमगत नाहीं. 'मी करतों तसें करा' हें त्याचें एकमेव अध्यापनशास्त्र. नौकेच्या शिक्षकाची अडचण तर याहून मोठी. शाळेंत फळ्यावर उदाहरण सोडवून दाखवितां येतें. येथें शिष्य पाण्यावर, गुरु कांठावरून सायकलीनें किंवा मागून मोटरहोडीनें येणार. वल्ह्यास हात लावण्याची सोय नाहीं. जें अंगानें वर्षानुवर्षें केलें तें आतां शब्दांनीं सांगावयाचें, तेंहि नेमक्या चार शब्दांत, कारण दमलेल्या माणसाच्या कानांत अधिक शिरत नाहींत.

शिवाय विद्येचें रूपहि बदलत असतें. फ्रेड्रिक्सनच्या काळीं होड्या पातळ लांकडाच्या असत आणि वल्ह्याचें पातें जवळजवळ सपाट असे. १९८० नंतरच्या दशकांत स्वीडनमधल्याच लोकांनीं पंखाच्या आकाराचें वळणदार पातें काढलें. तें पाण्यांत सरळ मागें न ओढतां बाहेरच्या बाजूस नेलें कीं होडी अधिक वेग घेते. थोड्याच वर्षांत साऱ्या जगानें तें उचललें. म्हणजे पूर्वींच्या विजेत्यानें पात्याचा जो अचूक मार्ग घोटून अंगवळणीं पाडला होता, तोच पुढें जुना झाला. ज्यानें शिष्यांस केवळ आपली लकब दिली असेल त्याची विद्या अशा वेळीं बुडते. ज्यानें नेम, तोल, धीर आणि योग्य क्षण ओळखण्याची दृष्टि दिली असेल, त्याची विद्या नव्या पात्यावरहि चालते. वेदपाठाची परंपरा अक्षरही न बदलतां चालावी हें योग्य. पण प्रत्येक विद्या कांहीं वेदपाठ नव्हे, हें शिकविणाऱ्यानें ओळखलें पाहिजे.

आतां आमच्या वाचकांच्या घराकडे वळूं. एकत्र कुटुंबांत किल्ल्या कोणाच्या कमरेस, जमाखर्चाची वही कोणाच्या पेटींत, देवघरांतील पूजा कोणाकडे आणि लोणच्याचें प्रमाण कोणाच्या हातचें, हे प्रश्न वरवर क्षुल्लक दिसले तरी त्यांनीं घरें बांधलीं जातात व मोडतात. आम्हीं पाहिलेल्या घरांत याविषयीं दोनच प्रकार अधिक आढळले. कांहीं वडील माणसें शेवटच्या श्वासापर्यंत वल्हें सोडीत नाहींत. मुलगा पन्नाशीस येतो तरी बाजारांतून काय आणावें हें त्यास विचारावें लागतें, आणि मग एके दिवशीं अचानक सारा संसार त्याच्या अंगावर कोसळतो. दुसरीं माणसें एखाद्या रागाच्या भरांत किल्ल्या फेंकून देतात, 'आतां तुमचें तुम्ही पाहा' म्हणतात, आणि सुनेच्या हातून आमटी करपली कीं मनांतल्या मनांत समाधान पावतात. दोन्ही प्रकारांत मधली पायरी नाहीं.

फ्रेड्रिक्सनच्या आयुष्यांत ती मधली पायरी स्पष्ट दिसते. प्रथम तो एकट्यानें वल्हवीत होता. मग तरुणाबरोबर एका होडींत बसला, त्याच्या ठेक्याशीं स्वतःचा ठेका जुळविला आणि यश वांटून घेतलें. त्यानंतरच तो कांठावर गेला. आपल्या शास्त्रकारांनीं गृहस्थाश्रम व संन्यास यांच्यामध्यें वानप्रस्थ घातला तो याच हेतूनें असावा, असें आम्हांस वाटतें. एकदम सोडणें कठीण आणि कधींच न सोडणें अनिष्ट. म्हणून कांहीं काळ दोघांनीं एका होडींत बसावें. आजीनें सुनेला, सुनेनें नातसुनेला शेजारीं बसवून घ्यावें. हात त्यांचा चालूं द्यावा, मीठ आपण चाखावें. आजोबांनीं वही मुलाच्या हातीं देऊन बेरीज मात्र तपासावी, आणि एके दिवशीं तपासणेंहि थांबवावें. हा शेवटचा दिवस निवडतांना मन कांपतें हें आम्ही जाणतों. त्या दिवशीं घरांत आपली जागा उरेल काय, ही भीति प्रत्येक वृद्धाच्या मनांत असते, आणि ती लटकी आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. इतकेंच म्हणतों कीं, कांठावरच्या माणसासहि होडींतल्या माणसांचे कान लागलेले असतात. मात्र त्यानें सदासर्वकाळ ओरडत राहूं नये.

तरुण वाचकांसहि दोन शब्द. मागें बसलेल्या म्हाताऱ्याचें वजन होडीस जड वाटतें, असें तुमच्या मनांत येत असेल. शोडेलियसनें १९६० सालीं तसें मानून दुसरा जोडीदार शोधला असता, तर चार वर्षांनीं दुसऱ्याबरोबर जिंकण्याची विद्या त्यानें कोठून आणिली असती? ज्याच्याबरोबर एकदां वल्हविलें त्याचा ठेका अंगांत राहतो, तो माणूस होडींतून उतरल्यावरहि.

फ्रेड्रिक्सन ५ जुलै २००६ रोजीं, शहाऐंशींव्या वर्षांनंतर, आपल्या न्यूशपिंग गांवींच वारला. पदकें त्याच्या नांवावर आठ. परिव्राजिकेच्या न्यायानें हिशेब केला तर त्यांत १९६४ सालचीं दोन मिळवावीं लागतील. आणि गुरु म्हणून विचारलें असतें तर त्या दोहोंचाच उल्लेख पहिल्यानें व्हावयास हवा, असें आमचें मत आहे.